इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, घरी बनवलेली बग्गी आणि अर्थिंगचा चिमटा: अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विट्याजवळच्या आमच्या माळावर दुसऱ्या गिअरमध्ये चाललेली बग्गी एकाएकी उजवीकडे ओढली गेली. उतरून पाहिले, तर मागच्या उजव्या चाकाचा टाय रॉड ज्या ब्रॅकेटला बांधला होता, ते ब्रॅकेट पाइपापासून सुटून लोंबकळत होते. मारुती ८०० चे इंजिन आणि गिअरबॉक्स मागे बसवल्यामुळे मारुतीची पुढची चाके बग्गीत चक्क मागे आली आहेत, आणि ती वळू नयेत म्हणून दोन्ही टाय रॉड, म्हणजे एरवी चाके वळवणारे दांडे, चासीलाच बांधावे लागतात. वेग कमी होता, कोणाला इजा झाली नाही. मात्र तुटलेली जागा भिंगाखाली पाहिल्यावर मन अस्वस्थ झाले, कारण निम्म्या लांबीत वेल्डचा धातू पाइपात मुरलेलाच नव्हता, नुसता वर बसलेला होता. संपूर्ण चासी मी याच २०० अँपिअरच्या सिंगल फेज मशीनवर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जोडली होती.

साहजिकच पहिला संशय मशीनवर गेला. मशीन ६,८०० रुपयांचे, वॉरंटी एक वर्षाची. सेवा केंद्रात नेले, तेव्हा शेतावरच्या विजेवर वापरल्यास वॉरंटी लागू होत नाही असे आधी सांगण्यात आले, पावतीवर तशी अट नसल्याचे दाखवल्यावर मशीन ठेवून घेतले, आणि एकोणीस दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तपासणीचे ४५० रुपये घेऊन परत दिले. तपासणीत नेमके काय पाहिले, किती अँपिअरवर किती वेळ चालवले, हे विचारूनही लेखी मिळाले नाही. ते ४५० रुपये मला आजही खुपतात.

मशीन परत आल्यावर गावात गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या काकांना तुटलेले ब्रॅकेट दाखवले. त्यांनी माझ्या सेटिंगबद्दल एक शब्दही विचारला नाही. एक वेल्डिंग रॉड जाळून संपवायला लावला, मशीन बंद करायला सांगितले आणि म्हणाले, “दादा, आता चिमट्याला हात लावून बघा.” हात लावता येईना, इतका तो तापला होता.

पुढचे जे काही लिहितो आहे, ते या चिमट्याबद्दलच आहे. मशीनसोबत मिळालेला अर्थिंगचा चिमटा, म्हणजे प्रवाह मशीनकडे परत नेण्यासाठी कामाच्या धातूला लावतात तो, दाबलेल्या पातळ पत्र्याचा होता आणि केबल त्याच्या एकाच जबड्याला जोडलेली होती. दुसऱ्या जबड्यापर्यंत प्रवाह जायला बिजागरी आणि स्प्रिंग एवढाच रस्ता. स्प्रिंग तापते, तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की पकड ढिली होते, आणि ढिल्या पकडीमुळे ती आणखी तापते. ८० अँपिअर वाहत असताना त्या सांध्यावर नुसते दोन व्होल्ट खर्ची पडले, तरी १६० वॅट उष्णता चिमट्यातच निर्माण होते. इन्व्हर्टर मशीन प्रवाह स्थिर राखण्याचा प्रयत्न करते हे खरे. परंतु द्राक्षबागांचे पंप सुरू असताना आमच्याकडे व्होल्टेज १८५ पर्यंत उतरते, त्यात चिमट्याचा संपर्क तुटक झाला की चाप (आर्क) क्षणोक्षणी ढासळतो. मशीनच्या पडद्यावर मात्र आपण लावलेला आकडा तसाच दिसत राहतो, आणि मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून तीन महिने वेल्डिंग केले. केबलच्या टोकाची धातूची टोपी (लग) कापून पाहिली, तर आतल्या तारा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या निघाल्या. पितळेचा ३०० अँपिअरचा चिमटा ३२० रुपयांना मिळाला, आणि २५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची केबल वेगळी घेतली. त्याच मशीनवर, त्याच २.५ मिलिमीटरच्या ६०१३ प्रकारच्या वेल्डिंग रॉडने, ७५ अँपिअरवर जो सांधा आता येतो, तो करवतीने कापून पाहिला तर मूळ कडा कोठेही दिसत नाही.

याच कारणामुळे उन्हाळ्यात लिहून ठेवलेले माझे मत मला बदलावे लागते आहे. तेव्हा मी या मशीनला ‘पातळ पाइपासाठी अविश्वसनीय’ म्हटले होते, ते चुकीचे होते. चाप लवकर पेटतो, रॉड चिकटला तर प्रवाह आपोआप उतरतो, आणि ६० टक्के ड्यूटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे, ही मर्यादा चासीच्या कामात कधीच आडवी येत नाही, कारण एका सांध्यानंतर दुसऱ्याची जुळणी करण्यातच तेवढा वेळ जातो.

ब्रॅकेट तुटण्याचा दोष मात्र पूर्णपणे चिमट्यावर टाकता येणार नाही. ते मी दोन सांध्यांच्या मधोमध, उघड्या पाइपावर जोडले होते. वळणावर येणारा आडवा जोर तेथे पाइपाच्या भिंतीला आत-बाहेर वाकवत राहतो, आणि अपुऱ्या मुरलेल्या वेल्डची कड तेथूनच उकलत जाते. आता ते त्रिकोणाच्या कोपऱ्यात, तीन पाइप एकत्र येतात तेथे, दोन्ही बाजूंनी पट्टी घेऊन बसवले आहे. उरलेले सांधे तपासण्यासाठी जुनी पद्धत वापरली: घासून स्वच्छ केलेल्या वेल्डवर डिझेल लावून तासभर मुरू दिले, कोरडे पुसले आणि स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड लावली. जेथे भेग असते, तेथे पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. आतापर्यंत दोन रेघा उमटल्या, दोन्ही एप्रिलमधल्या, म्हणजे स्प्रिंग पार निकामी झाल्यानंतरच्या सांध्यांवर. ते ग्राइंडरने पूर्ण उघडून पुन्हा भरले.

पाइपाच्या निवडीबद्दल मला पश्चात्ताप नाही. विद्यार्थी स्वतः बग्गी बनवून उतरतात त्या बाहा स्पर्धेच्या नियमांत मुख्य पिंजऱ्यासाठी २५.४ मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडी हे आधारमान आहे. मी २५ एनबीचा (एनबी म्हणजे पाइपाचे नाममात्र आतले माप), निळ्या पट्ट्याचा बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, काळा पाइप घेतला. त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ आणि जाडी ३.२ मिलिमीटर. मीटरमागे वजन १.६६ ऐवजी २.४१ किलो होते, पण वाकण्याविरुद्धचा ताठपणा अडीचपटीहून अधिक मिळतो, आणि प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरमध्ये या मापाचा साचा असल्यामुळे बेंडिंग शंभर रुपये बाकाला झाले. त्या स्पर्धेत पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन लागतो, आणि पाण्याच्या पाइपात तेवढा असेलच याची हमी नसते. म्हणून स्पर्धेसाठी हा पाइप कोणी घेऊ नये. गॅल्व्हनाइज्ड पाइप तर कोणीच घेऊ नये, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो.

चिमट्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. बग्गी चाकांवर उभी झाल्यानंतर मी काही वेळा चिमटा चाकाच्या हबला लावून चासीवर वेल्ड केले होते. प्रवाह बेअरिंगच्या गोळ्यांमधून गेला आणि मागचे डावे बेअरिंग ऑगस्टमध्येच घरघरू लागले. उघडल्यावर त्याच्या धावेवर, म्हणजे गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कडीवर, बारीक खड्डे दिसले. चिमटा नेहमी वेल्डच्या जागेपासून वीतभर अंतरावर, ग्राइंडरने चकाकवलेल्या धातूवर, आणि त्या सांध्याच्या त्याच बाजूला लावावा. बॅटरीची तारही आधी सोडावी.

मशीन मी ठेवणार आहे, आणि कोणी विचारले तर घ्यायलाही सांगेन, फक्त खरेदीच्याच दिवशी पितळी चिमटा आणि तांब्याची केबल धरून हिशेब करावा. उत्पादकाने ६,८०० रुपयांच्या वस्तूत तीनशे रुपयांच्या चिमट्यावर काटकसर करावी, हे मला पटत नाही. त्या पत्र्याच्या तुकड्यावर चालकाच्या डोक्यावरचा पिंजरा अवलंबून असतो. बग्गीची नोंदणी होऊ शकत नसल्यामुळे ती आमच्याच माळावर चालते. पुढच्या कमानीचे चार सांधे अजून खडूने तपासायचे आहेत, आणि ते होईपर्यंत तिच्यात दुसऱ्या कोणालाही बसवलेले नाही.