कॉलेजच्या कोर्टवरचं टेनिस कोचिंग, संभाजीनगर: सर एक नंबर, ऑफिस नापास

लेकराला टेनिसला टाकायचं का म्हणून बरेच जण विचारायलेत, म्हणून एकदाच लिहून टाकते. सर आधी प्रोफेशनल होते, फ्युचर्स म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या प्रो टूर्नामेंट खेळत फिरले, आता कॉलेजच्या टीमचे कोच आहेत आणि बाहेरच्या पोरांच्या बॅच पण घेतात. शिकवणं पैसा वसूल, पण दोन वर्षांत नॅशनल वगैरे ऐकायचं असेल तर उगं जाऊ नका.

लहान पोरांना सुरुवातीला पिवळा बॉल देतच नाहीत, लाल देतात, तो नेहमीच्या पिवळ्यापेक्षा 75 टक्के हळू असतो, मग नारंगी 50, मग हिरवा 25. काही पालक कुरकुर करतात की एवढी फी भरून खेळण्यातले बॉल कामून, सर कुणाला दाद देत नाहीत. माझ्या पोरीला तर रॅकेट बाजूला ठेवायला लावलं आणि टप्पा पडलेला बॉल नुसता हाताने झेलायचा, कंबरेच्या पुढं, म्हणजे आधी पाय पोचले पाहिजेत. आता फोरहँड मारताना ती आधीच येऊन उभी असते, मला टेनिसमधलं कै कळत नाही तरी एवढं दिसतं.

पैशाचं सर तोंडावर सांगतात. 15,000 डॉलरची टूर्नामेंट म्हणजे ती सगळ्यांची मिळून रक्कम, पहिल्याच राउंडला हरलं तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास, आणि तिकीट, हॉटेल, गटिंग (रॅकेटची जाळी विणून घेणं) सगळं आपलं आपण. म्हणून शाळा सोडवू नका म्हणतात. आपला भारताचा टेनिसपटू सोमदेव देववर्मन अमेरिकेत कॉलेजकडून खेळला, 2007 आणि 2008 ला तिथली एनसीएए (कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) सिंगल्स जिंकला आणि मग प्रो झाला, हे ते प्रत्येक नवीन पालकाला ऐकवतात. दुसरं नाव अमेरिकेचा ब्रायन शेल्टन, तो पण आधी प्रो होता मग कॉलेज कोच, 2007 ला जॉर्जिया टेक कॉलेजच्या मुली आणि 2021 ला फ्लोरिडा युनिव्हर्सिटीची मुलं, दोन्ही टीम चॅम्पियन केल्या. आपल्याकडं कॉलेजच्या कोचला विचारतंय कोण, रोलर ओढायला माणूस नसला की सर स्वतः ओढतात.

आता तक्रार. मातीचं कोर्ट, रोज पाणी मारावं लागतं, आणि आपल्या शहराचं म्हणजे धरण उशाला कोरड घशाला. मे महिन्यात टँकर आला नाही की माती भुरभुरी होते, पोरं घसरतात, मग बॅच रद्द, फी मात्र तेवढीच. ऑफिसमधे पावती मागितली तर उद्या या, उद्या गेलं तर साहेब जेवायला गेलेत.

उन्हाळ्यात सकाळचीच बॅच घ्या, संध्याकाळी कॉलेजची टीम असते आणि लहान पोरांना एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभं करतात. रॅकेट आधीच ऑनलाईन मागवू नका, दुकानदार सरळ मोठ्या माणसांची 27 इंची गळ्यात मारतात, सर उंची आणि हात बघून साईझ सांगतात, नऊ-दहा वर्षांच्या लेकराला बहुतेक 25 पुरते.