अकरावीचे न्युमेरिकल अडले की: गाइड, ॲप की सर?

अकरावी सायन्सचं पहिलं युनिट संपेपर्यंत फिजिक्स-केमिस्ट्रीचे न्युमेरिकल अडायला लागतात, आणि घरात तीन पर्यायांची चर्चा सुरू होते. सोडवलेल्या उत्तरांचं गाइड, फोटो काढला की उत्तर देणारं मोबाइल ॲप, नाहीतर क्लासमधला डाउटचा तास. निवड करताना मी एकच गोष्ट बघते: मुलाने स्वतः वहीत जे लिहिलंय, ते कोण बघणार आहे?

एक साधं गणित घेऊ. ताशी 72 किलोमीटर वेगाची लोकल ब्रेक लागल्यावर 0.8 मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावते. थांबेपर्यंत ती किती अंतर जाईल? गाइड पहिल्याच ओळीत वेग 20 मीटर प्रति सेकंद लिहून मोकळं होतं. 72 ला 5 ने गुणून 18 ने भागलं, हे तुम्हाला माहीत असणार असं धरूनच चालतं. चौथ्या ओळीत उत्तर, 250 मीटर. पाया पक्का असेल तर एवढं पुरतं. पण ज्याने त्वरणाला उणे चिन्ह दिलं नाही त्याचं उत्तर उणे 250 येतं. तो गाइड बघतो, उणे खोडतो आणि पुढच्या गणिताला लागतो. चूक तिथेच राहते, ती प्रिलिममध्ये पुन्हा भेटते.

ॲप एकेक पायरी उलगडून दाखवतं, तेही रात्री अकरा वाजता किंवा विरार लोकलमध्ये. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना त्याचा खरा आधार वाटतो, कारण तेच मराठीत, सोपं करून, पुन्हा पुन्हा विचारता येतं आणि वर्गात हसं होण्याची भीती नसते. मात्र आकृती असलेल्या गणितात ते कधीकधी चुकतं, आणि पेन उचलण्याआधी फोटो काढायची सवय लागली की सगळंच बिनसतं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, फोटो प्रश्नाचा नको, स्वतः सोडवलेल्या पानाचा काढा आणि कुठल्या ओळीत चुकलं ते विचारा.

सर समोर असतील तर उणे चिन्ह कुठे सुटलं ते त्यांना वहीवर नजर टाकताच कळतं. पण साठ मुलांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावरची मुलं डाउट विचारायला उठतच नाहीत. प्रवेश घेण्याआधी स्पष्ट विचारा: डाउटचा तास आठवड्यातून किती वेळा होतो, तो शिकवणारे सर स्वतः घेतात की दुसरं कोणी, वही तपासतात का? डेमो लेक्चरवरून यातलं काहीच कळत नाही.

केमिस्ट्रीत तर सरांची गरज आणखी जाणवते. 10 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटवर भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, तर एसटीपीला, म्हणजे ठरावीक प्रमाण तापमान आणि दाबाला, किती कार्बन डायऑक्साइड मिळेल? 0.1 मोल, इथवर सगळे एकमताचे. पुढे गाइडात 2.24 लिटर असतं, तर ॲप कधीकधी 2.27 सांगतं. मूल गोंधळतं, आणि दोन्ही उत्तरं बरोबर असतात. 1982 मध्ये आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एसटीपीचा दाब 1 ॲटमॉस्फिअरवरून 1 बार केला, त्यामुळे वायूच्या एका मोलचं आकारमान 22.4 ऐवजी 22.7 लिटर झालं. जुनी संख्या अजूनही बऱ्याच पुस्तकांत आहे. प्रश्नात दाब दिलाय का, आणि नसेल तर तुमच्या परीक्षेला कुठली संख्या धरायची, हे सांगायला अनुभवी माणूसच लागतो.

मुलाला गणित सुरूच करता येत नसेल तर पैसे लहान बॅचवर खर्च करा, गाइडांच्या गठ्ठ्यावर नको. सुरू करून मध्येच अडत असेल तर ॲप आणि अभ्यासिकेतला एखादा हुशार मित्र पुरे. गाइडचा उपयोग बारावीच्या शेवटी: सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यातले साधारण 20 टक्के अकरावीवर असतात, तिथे त्या चार ओळींच्या पद्धतीने वेळ वाचतो.