कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स: वर्षभर काम केल्यानंतर

सांगली जिल्ह्यातल्या ३० खाटांच्या नर्सिंग होममधून मी पुण्यातल्या एका मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत लागले, त्याला आता वर्ष होत आलं. अजून तिथेच काम करते, म्हणून नाव घेत नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग संपवलेल्या गावाकडच्या मुली सारख्या विचारतात, "ताई, मोठ्या ठिकाणी येऊ का?" हे त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगते. काम शिकायला अशा जागेला तोड नाही. पण शिकलेलं सगळं पेशंटपर्यंत पोचवायला जेवढे हात लागतात, तेवढे रोज ड्युटीवर नसतात.

जॉइन झाल्यावर आधी हिपॅटायटिस बीच्या लसीची चौकशी झाली. माझे डोस अर्धवट होते, ते हॉस्पिटलच्या खर्चाने पूर्ण झाले. जुन्या ठिकाणी सुई टोचली की स्पिरिट लावून पुढच्या पेशंटकडे जायचो. इथे लगेच फॉर्म भरतात, पेशंटचं आणि आपलं दोघांचंही रक्त तपासतात आणि गरज असेल तर एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करतात. त्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्रत्यक्ष होताना पहिल्यांदा इथे पाहिलं.

दुसरी गोष्ट औषधांची. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल आधीच्या ठिकाणी बाकीच्या इंजेक्शनांच्या ट्रेमध्येच असायचे. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. इथे ते वेगळ्या कप्प्यात, कुलपात, लाल स्टिकर लावून ठेवलेलं असतं. काढायचं तर दोन सिस्टर लागतात. एक डोस मोठ्याने वाचते, दुसरी ऑर्डरशी ताडून पाहते, मग दोघींच्या सह्या. सुरुवातीला हे वेळखाऊ वाटायचं. आता गावाकडच्या त्या ट्रेची आठवण आली तरी जीव घाबरा होतो. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन म्हणजे भिंतीवरचं सर्टिफिकेट एवढंच मला माहीत होतं. त्यामागे ही असली कामं असतात.

आता माणसांबद्दल. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स, हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. दिवसा ते बऱ्यापैकी पाळलं जातं. रात्री एखादी सिस्टर आजारी पडली, किंवा आपल्यातल्याच एकीला दुसऱ्या वॉर्डात पाठवलं, की दोन व्हेंटिलेटर एकीच्या गळ्यात पडतात. अशाच एका रात्री माझ्या एका पेशंटचं बीपी सारखं पडत होतं. शेजारच्या बेडवर सत्तरीच्या आजी होत्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची होती. त्या रात्री ती साडेतीन तासांनी बदलली गेली आणि चार्टवर मी तीच वेळ लिहिली. सकाळी पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देऊन ओव्हर दिल्यावर इनचार्जने उशीर का झाला ते लेखी मागितलं. रात्री आम्ही किती जणी होतो, ते मी त्यात स्पष्ट लिहिलं. क्वालिटी विभागाने फॉर्म नोंदवून घेतला, रोस्टर होता तसाच राहिला. माझा खरा राग इथे आहे. जिथे औषधाच्या एका अँप्यूलला दोन सह्या लागतात, तिथे दोन गंभीर पेशंटना एकच नर्स हीसुद्धा तितक्याच धोक्याची गोष्ट मानली गेली पाहिजे.

पगाराबद्दल मुली सगळ्यात आधी विचारतात. ऑफर लेटरवरचा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, म्हणून हातात नेमके किती पडतील ते विचारून घ्या. वेळेवर पगार, पीएफ आणि पगाराची स्लिप या गोष्टी छोट्या ठिकाणी मिळतीलच असं नाही, इथे मिळतात. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की २०० हून जास्त खाटांच्या खाजगी हॉस्पिटलने नर्सला राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार द्यावा. सरकारी दवाखान्यात कायम असलेल्या माझ्या मैत्रिणीचा पगार आणि माझा पगार यांत अजून मोठी दरी आहे.

नातेवाइकांचा त्रास बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी होतो. डॉक्टर सकाळीच "घरी जा" म्हणून जातात आणि टीपीएची (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेची) मंजुरी दुपार उलटली तरी येत नाही. बिलिंगवाले खालच्या मजल्यावर असतात, त्यामुळे चिडलेल्या माणसाच्या समोर सिस्टरच उभी असते. एक मात्र चांगलं आहे: कोणी अंगावर आलं तर एका फोनवर सिक्युरिटी येते. मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि त्यात नर्सही येतात, हे ट्रेनिंगमध्ये नीट समजावून सांगितलं. छोट्या ठिकाणी अशा वेळी आमच्या मावशीच मध्ये पडायच्या.

रजा सगळ्यांसारख्याच, सणाला मिळत नाहीत. हॉस्टेल ठीक आहे. कँटीनचं जेवण रात्रपाळीला थंडच मिळतं.

यायचं असेल तर आयसीयू, सीसीयू (हृदयाच्या पेशंटचा आयसीयू) किंवा ऑपरेशन थिएटरच मागा, नाहीतर बराचसा दिवस कॉम्प्युटरवर नोंदी करण्यात आणि फार्मसीला इंडेंट (औषधांची मागणी) टाकण्यात जातो. इंटरव्ह्यूत रात्रपाळीला नर्समागे किती पेशंट असतात ते सरळ विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर काय ते समजून घ्या. आणि बाँडचा (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा) कागद सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पडताळणीसाठी दाखवा, पण मूळ प्रती त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. माझ्या बॅचच्या एकीला परदेशातली नोकरी लागली होती. तिचे कागद आधीच्या हॉस्पिटलच्या एचआरमधून सुटेपर्यंत जॉइन व्हायची तारीख निघून गेली.

मी आणखी वर्षभर तरी थांबणार आहे. सीआरआरटीचं, म्हणजे आयसीयूत सलग चालणाऱ्या डायलिसिसचं मशीन कोणाच्या मदतीशिवाय लावता आलं पाहिजे, आणि ते शिकवणाऱ्या सिनियर सिस्टर याच युनिटमध्ये आहेत.