चांगली आणि वाईट संकेतस्थळ-रचना : फरक कुठे दिसतो?

संकेतस्थळाची रचना चांगली की वाईट, हे मुखपृष्ठाच्या देखणेपणावरून ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे. माझ्या मते खरा कस लागतो तो अर्ज भरताना. वाईट रचनेत रकान्याचे नाव रकान्यातच फिकट अक्षरांत लिहिलेले असते आणि पहिले अक्षर टाइप करताच ते नाहीसे होते. शेवटी ‘चुकीची माहिती’ एवढाच लाल संदेश उमटतो आणि भरलेला सगळा मजकूर पुसला जातो. चांगल्या रचनेत नाव रकान्याच्या वर कायम दिसते, चुकलेल्या रकान्याखालीच ‘मोबाइल क्रमांकात एक अंक कमी आहे’ असे स्पष्ट सांगितले जाते आणि बाकीची माहिती जागच्या जागी राहते.

वाचनीयतेतही असेच अंतर आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही स्थळ वापरता यावे यासाठीच्या, निकषांत, तीनपैकी मधल्या पातळीसाठी, नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक मागितला आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे वापरणारी स्थळे तो पाळत नाहीत आणि त्याचा सर्वाधिक त्रास दृष्टी अधू असलेल्यांना होतो, हे मला अक्षम्य वाटते.

मोबाइलचे म्हणाल, तर वेब-रचनाकार ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये पडद्यानुसार जुळवून घेणाऱ्या रचनेची कल्पना मांडल्यापासून, आडवे सरकवत वाचाव्या लागणाऱ्या पानांना सबब उरलेली नाही. वाईट पानावर उशिरा उतरणारे चित्र मजकूर खाली ढकलते आणि बोट भलत्याच बटणावर पडते. चांगल्या पानावर त्या चित्राची जागा आधीच राखलेली असते.