यूकेसीआयएसएचं फी-मार्गदर्शन : ब्रिटिश नागरिकाच्या परदेशी जोडीदाराने ते कसं वाचावं

ब्रिटिश नागरिकाशी लग्न झालं की इंग्लंडच्या विद्यापीठात आपल्यालाही ‘होम’ फीच, म्हणजे तिथल्या रहिवाशांची कमी फीच, लागणार, असं धरून अर्ज करणारे जोडीदार आपल्याकडे बरेच आहेत. ऑफर लेटरवर ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या, फीचा आकडा दिसतो तेव्हा अनेकदा इथली नोकरी सोडून झालेली असते. हा घोळ वेळेत टाळायचा असेल तर मोफत आणि भरवशाची जागा म्हणजे यूकेसीआयएसएची वेबसाइट. परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवर काम करणारी ही ब्रिटनमधली धर्मादाय संस्था आहे. फीचा दर्जा, म्हणजे होम की ओव्हरसीज, हे ठरवताना विद्यापीठांच्या प्रवेश कचेऱ्याही हेच मार्गदर्शन समोर ठेवतात, त्यामुळे एजंटच्या तोंडी आश्वासनापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त.

पण वाचायला ते सोपं नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे असल्याने पानंही वेगळी आहेत. आपण कुठे राहतो हे न बघता विद्यापीठ कुठे आहे ते बघून पान निवडायचं. खाली लिहिलेलं सगळं इंग्लंडपुरतं आहे.

इंग्लंडच्या पानावर प्रवर्गांची लांबलचक यादी आहे. कुठल्या तरी एका प्रवर्गाच्या सगळ्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. दोन अटी या प्रवर्गातल्या आणि एक त्या प्रवर्गातली, असं जुळवता येत नाही. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराने आधी ‘सेटल्ड’ हा प्रवर्ग वाचावा. त्यात ठरलेल्या तारखेला तुम्ही स्वतः सेटल्ड असावं लागतं, त्याआधीची पूर्ण ३ वर्षं ब्रिटनमध्ये नेहमीचं वास्तव्य असावं लागतं, आणि ते वास्तव्य मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी झालेलं नसावं लागतं.

बहुतेकांचं गाडं पहिल्याच अटीवर अडतं. सेटल्ड म्हणजे मुक्कामाला मुदत नसलेला: ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआर, म्हणजेच कायम वास्तव्याची परवानगी असलेला. स्पाउस व्हिसाला मुदत असते, म्हणून त्यावर ३ काय, ४ वर्षं राहिलात, नोकरी केलीत, कर भरलात, तरी या प्रवर्गात बसत नाही. नवऱ्याचा किंवा बायकोचा ब्रिटिश पासपोर्ट इथे उपयोगाचा नाही. निर्वासिताचा दर्जा मिळालेल्याच्या जोडीदाराला स्वतंत्र प्रवर्ग आहे, ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला सरसकट असा प्रवर्ग नाही. नियमातली ही विसंगती आमच्या मते अन्यायाची आहे, पण आज नियम तोच आहे.

दुसरी अडचण तारखेची, आणि हा भाग यूकेसीआयएसएने फार नीट मांडला आहे. अभ्यासक्रम १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर या काळात सुरू होत असेल तर परिस्थिती १ सप्टेंबरची बघतात. जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्यासाठी १ जानेवारीची, एप्रिल ते जूनसाठी १ एप्रिलची आणि जुलैसाठी १ जुलैची. समजा स्पाउस व्हिसावर कुणी १० ऑक्टोबर २०२४ला ब्रिटनमध्ये पाऊल ठेवलं. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, मुदतवाढ ३० महिन्यांची, आणि ६० महिने पूर्ण होतात १० ऑक्टोबर २०२९ला. आयएलआरचा अर्ज त्याआधी जास्तीत जास्त २८ दिवस करता येतो, म्हणजे १२ सप्टेंबरच्या सुमारास. १ सप्टेंबर तोवर उलटून गेलेला असतो, म्हणून २०२९च्या सप्टेंबरमधल्या प्रवेशाला ओव्हरसीज फीच लागेल. तोच अभ्यासक्रम जानेवारी २०३०मध्येही सुरू होत असेल आणि आयएलआर ३१ डिसेंबरपर्यंत हातात पडलं, तर होम फीचा मार्ग मोकळा होतो. अर्ज केल्याची पावती चालत नाही, परवानगी मिळालेली असावी लागते. शिक्षण सुरू झाल्यावर मधेच आयएलआर मिळालं तर उरलेल्या वर्षांची फी कमी होईल, या आशेवर प्रवेश घेऊ नका. या प्रवर्गात पहिल्या वर्षाची ती तारीखच धरतात.

फरक किती पडतो? २०२५-२६मध्ये इंग्लंडमध्ये पदवीच्या होम फीची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे. ओव्हरसीज फीला मर्यादाच नाही. मास्टर्सला होम फीवरही सरकारी मर्यादा नसते, तरी विद्यापीठं दोन वेगळे दर लावतात, त्यामुळे दर्जा तिथेही महत्त्वाचा.

आता भारतात, दुबईत किंवा सिंगापूरला एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल. ‘नेहमीचं वास्तव्य’ म्हणजे काय, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८२च्या शाह खटल्यात ठरवलं: स्वेच्छेने, कायदेशीरपणे, ठराविक हेतूने, रोजच्या जीवनक्रमाचा भाग म्हणून केलेलं वास्तव्य. महिनाभर सांगलीला माहेरी जाऊन आल्याने ते तुटत नाही. परदेशी नोकरीसाठी एक सवलत आहे. तुम्ही किंवा तुमचा जोडीदार तात्पुरत्या नोकरीसाठी बाहेर होता आणि एरवी ब्रिटनमध्येच राहिला असता, तर तो काळ ब्रिटनमधला धरला जाऊ शकतो. त्यासाठी मुदतीचा करार, कंपनीचं बदलीचं पत्र, ब्रिटनमधलं ठेवलेलं घर आणि मधल्या फेऱ्यांच्या नोंदी दाखवाव्या लागतात. कायम नोकरी घेऊन दुबईत स्थायिक झालेल्याला ही सवलत मिळणं अवघड. आणि ती फक्त वास्तव्याच्या अटीपुरती आहे. जो जोडीदार कधी सेटल्ड नव्हताच, त्याची पहिली अट त्याने भरून निघत नाही. आयएलआर असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की सलग २ वर्षांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास ते रद्द होतं.

जर्मनी, नेदरलँड्सकडच्यांनी आणखी एक प्रवर्ग जरूर तपासावा. ३१ डिसेंबर २०२०ला युरोपीय आर्थिक क्षेत्रात किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहत असलेले ब्रिटिश नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय, अशी त्याची व्याप्ती आहे. अभ्यासक्रम १ जानेवारी २०२८पूर्वी सुरू व्हायला हवा. जोडीदाराच्या स्वतःच्या वास्तव्याच्या अटी त्यात वेगळ्या आहेत, त्या ओळ न ओळ वाचा.

मार्गदर्शनातला दोष असा की मांडणी प्रवर्गांनुसार आहे, माणसाच्या परिस्थितीनुसार नाही. ‘मी स्पाउस व्हिसावर आहे, माझं काय?’ एवढ्या सरळ प्रश्नाचं उत्तर व्याख्या जुळवून स्वतः काढावं लागतं. भाषा कायद्याची, जड. शिवाय अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो, संस्थेचा नाही. तरीही पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही, कारण मजकूर नेमका आहे.

वाचून झाल्यावर विद्यापीठाकडून फी-दर्जाची प्रश्नावली मागवा. सोबत पासपोर्टची सगळी पानं, ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन पडताळता येणारा कोड), पी६० (पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला), काउन्सिल टॅक्सची (स्थानिक घरकराची) बिलं आणि ३ वर्षांतल्या परदेशवाऱ्यांची तारीखवार यादी जोडा. आपण कोणत्या प्रवर्गात बसतो हे त्याच्या नावानिशी लिहा. ‘माझे पती ब्रिटिश आहेत’ एवढ्यावर उलटं उत्तर येतं. निर्णय लेखी घ्या, आणि तो हातात येईपर्यंत डिपॉझिट भरू नका. नकार आला तर सवलतीने होम फी लावता येईल का, हेही विचारा: कायदा विद्यापीठाला जास्त फी घेण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. होकार मिळणं विरळा, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि होम फी मान्य झाली म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्जही मिळालं, असं नव्हे. त्याचा अर्ज स्टुडंट फायनान्सकडे वेगळा करावा लागतो आणि कर्जाची पात्रता तेच ठरवतात.