पांडवलेणी, नाशिक: क्रमांक विसरा, १९ पासून सुरू करा

त्रिरश्मी डोंगरावर २४ बौद्ध लेणी आहेत आणि बहुतेक लोक ती १ पासून ओळीने बघत सुटतात. दमायला होतं, हाती फारसं लागत नाही. क्रमांक डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाकलेत, कोरण्याच्या काळाशी त्यांचा संबंध नाही. सातवाहनांची चढती आणि उतरती कळा एकाच कड्यावर वाचायची तर १९, १०, ३, २० आणि परत १० असं जावं.

१९ हे चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या (१८) शेजारी, खालच्या अंगाला आहे. जेमतेम ६ खोल्या. सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळात एका महामात्राने (बड्या अधिकाऱ्याने) ते करवलं. घराण्याची ही सुरुवात, म्हणून दिसायला साधं असलं तरी चुकवू नका.

१० मात्र शत्रूचं. क्षहरात वंशातला शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने खोदवलेलं, आणि त्याचा एक लेख म्हणजे चक्क ठेवपावती: कोष्ट्यांच्या एका श्रेणीत (व्यावसायिकांच्या संघात) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा दरशेकडा १ ने, दुसरीत १००० पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४०, म्हणजे २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बरोबर १२.

सर्वात जास्त वेळ ३ ला द्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं, तो त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा लेख ओसरीतच आहे. त्याखालचा २४ व्या वर्षाचा लेख जास्त बोलका: त्या शेताचं गाव वसलेलं नाही, शेत कसलं जात नाही, म्हणून बदल्यात १०० निवर्तनं सरकारी जमीन. राजाची दानंही अशी अडकायची! त्याची आई बलश्री हिचा गाजलेला लेख ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छताजवळ आहे. ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ हा दावा फुशारकीचा नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला सापडलेल्या १३ हजारांवर नाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे.

२० मध्ये नंतरचा सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या ७ व्या वर्षाचा लेख आहे. अर्धवट पडलेलं हे लेणं एका महासेनापतीच्या पत्नीने पुरं केलं. आतली मोठी बुद्धमूर्ती नंतरची, तिच्यावरून सातवाहन शिल्प जोखू नका. मग परत १० च्या अंगणात या: तिथल्या लेखात आभीर घराण्यातला राजा ईश्वरसेन आहे, सातवाहनांचा पत्ताच नाही. श्रेण्यांत ठेवी ठेवण्याची पद्धत मात्र चालूच, या वेळी आजारी भिक्षूंच्या औषधासाठी.

लेख उंचावर आणि उथळ आहेत. छोटी दुर्बीण हवीच. बॅटरीचा झोत समोरून मारला तर अक्षरं सपाट दिसतात, बाजूने तिरका मारा. लेखांची ब्राह्मी लिपी येत नसेल तर लेखांचं वाचन आणि भाषांतर आधीच मोबाइलमध्ये घेऊन जा, नाहीतर ३ मधल्या खांबांखालचे भार पेलणारे यक्ष बघूनच परतावं लागतं. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. दोन-अडीच तास पुरतात. घाईत असाल तर फक्त ३ आणि १०.