राजारामपुरीतल्या झेरॉक्स नोट्स: गव्हर्नर निवडीचं प्रकरण

राज्यशास्त्राच्या या नोट्स अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या प्रकरणासाठी तरी घ्याच. १८५० ला गव्हर्नरच्या निवडणुकीत व्हिग पक्षाचे ब्रिग्ज मतांत पहिले, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत. मग राज्याच्या घटनेप्रमाणे पहिल्या चौघांतून विधिमंडळाच्या प्रतिनिधीगृहानं दोघे निवडायचे, त्या दोघांतून सिनेटनं एक. डेमोक्रॅट आणि फ्री सॉइल (गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्धचा पक्ष) एकत्र आले, जानेवारी १८५१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचे डेमोक्रॅट बाउटवेल गव्हर्नर झाले. जिल्हा परिषदेतल्या आघाड्या पाहिलेल्याला हे लगेच उमगतं.

एक चूक दुरुस्त करून वाचा: 'दोन्ही सभागृहांचं एकत्र मतदान' असं छापलंय, ती पद्धत व्हरमाँट या दुसऱ्या राज्याची. १८५५ ची घटनादुरुस्ती, म्हणजे सर्वाधिक मतं तोच विजयी, पानाच्या अगदी तळाशी आहे. फिकट प्रतीत ती ओळच उडते. पान बघून पैसे द्या.